प्रोसेसरचा वेग आणि वऱ्हाडातलं ऊन

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत संगणक सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. महाविद्यालयांच्या लॅब, एक-दोन संशोधन प्रकल्पांचे सर्व्हर, जिनिंग-प्रेसिंगच्या हिशेबाच्या खोल्या आणि अलीकडे संत्र्याच्या बागांमध्ये हवामानाच्या नोंदी घेणारी छोटी यंत्रं. यंत्रं वेगवेगळी, पण मार्च संपत आला की तक्रार सगळीकडून एकच येते. "सर, मशीन लय ढिली चालून रायली." मग व्हायरस शोधून होतो, रॅम वाढवून होते, फॉरमॅट मारून होतं. कर्नलमधल्या ज्या भागात प्रोसेसरचा वेग ठरतो, तिकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आपल्या हवेत पहिल्यांदा तिथंच पाहावं, असं माझं अनुभवानं झालेलं मत आहे.

प्रोसेसरच्या खोक्यावर ३.६ गिगाहर्ट्झ छापलेलं असलं तरी तो दिवसभर त्याच वेगानं धावत नसतो. काम नसलं की वेग उतरतो, काम आलं की चढतो, आणि हा चढउतार सेकंदाला कितीतरी वेळा होतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये ही जबाबदारी सीपीयूफ्रेक नावाच्या भागाकडे आहे. २००३ च्या डिसेंबरात २.६ मालिकेचं कर्नल आलं, तेव्हापासून तो सर्वसामान्यांच्या मशीनवर पोचला. त्यात दोघांची कामं वाटून दिलेली आहेत. आत्ता किती वेग हवा हे गव्हर्नर ठरवतो, आणि तो निर्णय समोरच्या प्रोसेसरला कळेल अशा पद्धतीनं ड्रायव्हर त्याच्यापर्यंत पोचवतो. आपल्याकडच्या शेतीच्या रीतीनं सांगायचं तर गव्हर्नर हा मालक आणि ड्रायव्हर हा सालदार. मालकानं कितीही नेमकं सांगितलं तरी सालदाराच्या हाती अवजारच नसेल तर वावर तसंच पडून राहतं. उलट काही सालदार इतके जाणते असतात की मालकानं फक्त हंगाम सांगायचा, बाकीचं ते पाहून घेतात. आपल्या मशीनवर या दोन्ही जागी कोण बसलं आहे हे आधी पाहायचं आणि मगच हात लावायचा, हा या कामाचा पहिला नियम.

मी अमरावतीत काम सुरू केलं ते भारनियमनाचे दिवस होते. लॅबमध्ये पेंटियम ४ ची मशीन, अवजड सीआरटी मॉनिटर आणि कोपऱ्यात यूपीएसच्या बॅटऱ्या. वीज गेली की प्रॅक्टिकल अर्ध्यावर आणि पोरं बाहेर कडुनिंबाखाली. लॅबमधल्या एका सहकाऱ्यानं तेव्हा विचारलं होतं, "भाऊ, मशीनचा वेग कमी केला तं बॅटरी जास्त पुरन ना?" प्रश्न अगदी रास्त होता. भरगच्च कामात त्या काळच्या ३ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला ८० वॅटहून जास्त वीज लागायची. कर्नलमध्ये पी४-क्लॉकमॉड नावाचा ड्रायव्हर होता. तो चढवला की साडेबारा टक्क्यांच्या फरकानं वेगाच्या पायऱ्या दिसायच्या. सगळ्यात खालच्या पायऱ्यांपैकी एखादी निवडली की काम झालं, असं कोणालाही वाटलं असतं.

आम्ही मोजून पाहिलं. एक मोठा सी प्रोग्रॅम घेतला, पूर्ण वेगावर कंपाईल केला, मग निम्म्या वेगावर. निम्म्या वेगावर वेळ दुप्पट लागला, यात नवल नव्हतं. पण बॅटरीही फायद्यात गेली नाही. कारण त्या ड्रायव्हरच्या कामाच्या पद्धतीत आहे. तो चिपचं घड्याळ खऱ्या अर्थानं मंद करत नाही. आठ ठोक्यांपैकी काही ठोके तेवढे गाळतो. व्होल्टेज जागच्या जागी राहतं. चिपला लागणारी वीज ढोबळमानानं व्होल्टेजचा वर्ग गुणिले वेग या हिशेबानं चालते. व्होल्टेज तेच ठेवून वेग निम्मा केला तर दर सेकंदाची वीज कमी होते, पण सेकंद दुप्पट लागतात. एका कामाला लागणारी एकूण वीज तेवढीच राहते. वर मॉनिटर, हार्ड डिस्क, मदरबोर्ड हे सगळं दुप्पट वेळ जळत राहतं. हा ड्रायव्हर अगदीच अडचणीच्या वेळी वापरावा, एरवी नको, असा इशारा कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये त्याच्या नावाखालीच लिहिलेला असतो. आम्ही तो काढला. वीज गेली की ज्या मशीनवर कोणी बसलेलं नाही तिचा मॉनिटर बंद, एवढा साधा नियम केला आणि बॅटऱ्या खरोखर जास्त पुरू लागल्या. एकट्या सीआरटीला ७०-८० वॅट लागायचे.

पुढे कोअर २ ड्युओची मशीन आली आणि चित्र पालटलं. या प्रोसेसरमध्ये वेगाबरोबर व्होल्टेजही उतरतं. २.८ गिगाहर्ट्झचा ई७४०० रिकामा असला की १.६ वर यायचा आणि हाताला गार लागायचा. त्यासाठी लागणारा एसीपीआय-सीपीयूफ्रेक हा ड्रायव्हर वेगाच्या पायऱ्यांचा तक्ता बायोसकडून घेतो. बाजारात जोडून आणलेल्या बऱ्याच मशीनमध्ये बायोसमधली स्पीडस्टेपची सोय बंद असायची. मग तक्ता नाही, तक्ता नाही म्हणून ड्रायव्हर चढत नाही, आणि 'असं कोणतंही उपकरण नाही' अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर येते. ती वाचून लोक कर्नलला दोष द्यायचे. एकेका मशीनच्या बायोसमध्ये शिरून ती सोय चालू केली की तोच ड्रायव्हर मुकाट चढायचा. तेव्हापासून ड्रायव्हर चढला नाही तर मी आधी बायोस पाहतो, मग कर्नल.

आता उन्हाकडे येऊ, कारण आपल्याकडचा खरा प्रश्न तिथं आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जाणं नवं नाही आणि अमरावतीही फार मागे नसते. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवण्यासाठी आपणहून वेग तोडतात. पंखा आणि हीटसिंक किती उष्णता बाहेर टाकणार हे चिप आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली २५ अंशांवर असेल तर हा फरक ७५ अंशांचा. तीच खोली ४३ वर गेली तर ५७ च उरतो. म्हणजे तोच पंखा, तेच हीटसिंक, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद चौथाईनं कमी. थंड खोली गृहीत धरून ठरवलेला वेग आपल्या खोलीत टिकत नाही, तो या हिशेबानं.

याच हिशेबात उपायही आहे. वेग १५ टक्के कमी केला आणि त्याबरोबर व्होल्टेज १० टक्के उतरलं, असं धरा. व्होल्टेजचा वर्ग ०.८१, त्याला वेगाच्या ०.८५ नं गुणलं की ०.६९ च्या जवळपास येतं. कामाचा वेग १५ टक्क्यांनी घटला, पण उष्णता ३० टक्क्यांहून थोडी जास्त घटली. प्रत्येक चिपचे आकडे वेगळे, पण दिशा हीच. वरच्या टोकाचा थोडासा वेग सोडला की उष्णता त्याहून बरीच जास्त सुटते.

अकोल्यात एका प्रकल्पाच्या सर्व्हरवर हे सगळं एकत्र पाहायला मिळालं. पावसाच्या जुन्या नोंदींवर आकडेमोड करणारा प्रोग्रॅम होता. सकाळी लावला तर लवकर संपायचा, दुपारी लावला तर रेंगाळायचा. "सकाळी तं बराबर चालते, मंग दुपारी काहून थकते हे?" असं तिथला संशोधक विद्यार्थी विचारत होता. मशीन आय७-७७०० ची, मूळ वेग ३.६ आणि टर्बोत ४.२ गिगाहर्ट्झपर्यंत. ड्रायव्हर इंटेल पीस्टेट, गव्हर्नर पॉवरसेव्ह. गव्हर्नरचं नाव वाचून सगळ्यांनी गुन्हेगार सापडल्याचं जाहीर केलं आणि तो बदलून परफॉर्मन्स करून टाकला. दुपारचा रेंगाळेपणा तसाच राहिला.

तसा तो राहणारच होता. एसीपीआय-सीपीयूफ्रेकबरोबर पॉवरसेव्ह लावला तर प्रोसेसर सगळ्यात खालच्या वेगाला बांधला जातो. इंटेल पीस्टेट आपल्या नेहमीच्या सक्रिय रीतीत चालत असेल तर त्याच नावाचा गव्हर्नर कामाप्रमाणे वेग वरखाली करतो आणि गरज पडली तर टर्बोपर्यंतही नेतो. २०१५ च्या स्कायलेकपासून तर प्रोसेसर स्वतःच वेग ठरवतो. कर्नल त्याला फक्त कल सांगतं, वीज वाचवण्याकडे झुकायचं की कामाकडे. हा तोच जाणता सालदार. त्यामुळे गव्हर्नरच्या नावावरून निष्कर्ष काढता येत नाही, आधी ड्रायव्हर कोणता ते पाहावं लागतं.

मी टर्बोस्टॅट लावून सकाळी सातपासून बसलो. हे कर्नलबरोबरच येणारं छोटं साधन प्रत्येक कोअरचा खरा वेग, चिपचं तापमान आणि वॅट एका ओळीत दाखवते. सकाळी वेग ४ गिगाहर्ट्झला धरून होता आणि तापमान ८० च्या घरात. अकरानंतर तापमान चढू लागलं. दुपारी तीनच्या सुमारास ते १०० ला टेकलं आणि वेगाचा आकडा अस्थिर झाला. ४ वरून एकदम ३ च्या खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत मी थ्रॉटल काउंटची फाइल परत परत वाचत होतो. उष्णतेमुळे प्रोसेसरनं किती वेळा माघार घेतली हे कर्नल तिथं लिहून ठेवतं. सकाळी जागेवर असलेला तो आकडा दुपारी दर वाचनाला वाढत होता. विद्यार्थ्यानं तो पाहिला आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याचं त्यालाच मिळालं.

मशीन उघडली तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये काळ्या मातीची बारीक धूळ घट्ट बसलेली. खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर होता. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं पाणी वापरल्यानं ताट्यांवर क्षाराचा पांढरा थर चढलेला, आणि कूलरचा दमट झोत थेट मशीनच्या तोंडावर. ओलसर हवेत धूळ पात्यांना चिकटते आणि मग नुसत्या ब्लोअरनं निघत नाही. जिनिंगच्या ऑफिसांमध्ये याच जागी रुईचे तंतू सापडतात, नमद्यासारखे दाबून बसलेले. ब्रशनं सगळं साफ केलं, थर्मल पेस्ट नवी लावली, कूलरची दिशा बदलली. त्यानंतर कर्नलला सांगितलं की टर्बो बंद, वेगाची वरची मर्यादा ३.६. एवढंच. दुपारचं काम सकाळच्या बरोबरीनं संपू लागलं आणि थ्रॉटल काउंट जागचा हलेना. मोठी कामं संध्याकाळनंतर आपोआप सुरू होतील अशी सोय केली. ही मर्यादा एप्रिलमध्ये लागू होते आणि पाऊस स्थिरावला की उठते. सर्व्हरलाही हंगाम असतो, हे तिथल्या सगळ्यांना आता मान्य आहे.

वरुड-मोर्शी भागातल्या संत्र्याच्या बागेत मामला उलटा होता. तिथं पत्र्याच्या पेटीत रास्पबेरी पाय ४ बसवलेला, जमिनीतला ओलावा आणि हवेचं तापमान ठराविक वेळानं लिहून घ्यायचा. काम इतकं हलकं, की १५०० मेगाहर्ट्झचा वेग त्याला कधीच लागत नव्हता. इथं पॉवरसेव्ह गव्हर्नर नावाप्रमाणे वागतो. तो लावला आणि पाय ६०० मेगाहर्ट्झवर स्थिर झाला. या यंत्रात कर्नलचा ड्रायव्हर वेग थेट बदलत नाही, फर्मवेअरला विनंती करतो, आणि तापमान ८० अंशांकडे गेलं की फर्मवेअर विनंती बाजूला ठेवून वेग तोडतं. ते वेग आणखी एका कारणानं तोडतं. पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला तरीही तेच होतं. एका बागेत यंत्र थंडीतसुद्धा मंद चालत होतं. फर्मवेअरला विचारल्यावर त्यानं उष्णतेऐवजी कमी व्होल्टेजची खूण दाखवली. सोलर पॅनेलपासून ओढलेली वायर लांब आणि बारीक होती. जाड वायर टाकली आणि प्रश्न मिटला. कर्नलच्या सेटिंगला हात लावायची गरजच पडली नाही.

हे शिकवायचं कसं, हा माझ्या आस्थेचा विषय आहे. अभ्यासक्रमात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे शेड्यूलिंगचे तक्ते आणि डेडलॉकची व्याख्या. पोरं प्रॅक्टिकल करतात ते बहुतेक वेळा व्हर्च्युअल मशीनमध्ये, आणि तिथं सीपीयूफ्रेकचं फोल्डर सहसा दिसतच नाही. त्यामुळे हा भाग अस्तित्वात आहे हेच कळत नाही. म्हणून मी एखादी जुनी मशीन मोकळी करून घेतो आणि पोरांना खऱ्या लोखंडावर कर्नल बांधायला बसवतो. मेन्यूकॉन्फिग उघडायचं, पॉवर मॅनेजमेंटमध्ये जायचं, सीपीयू फ्रिक्वेन्सी स्केलिंगपर्यंत पोचायचं, आणि तिथली प्रत्येक ओळ मदत वाचल्याशिवाय बदलायची नाही. कोणता ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच बांधावा लागतो, कोणता मॉड्यूल म्हणून वेगळा ठेवता येतो, सुरुवातीचा गव्हर्नर कोणता, हे सगळं तिथं त्यांना स्वतः ठरवावं लागतं.

रायझेनच्या मशीनवर हा धडा फार छान बसतो. रायझेन ५ ३६०० जुन्या एसीपीआय-सीपीयूफ्रेकवर चालवला तर वेगाच्या तीनच पायऱ्या दिसतात, ३.६, २.८ आणि २.२. कर्नल ५.१७ पासून, म्हणजे २०२२ पासून, एएमडी पीस्टेट हा ड्रायव्हर आला. बायोसमध्ये सीपीपीसीची सोय चालू केली आणि बूटच्या ओळीत हा ड्रायव्हर सक्रिय करायला सांगितलं, की त्या तीन पायऱ्यांच्या जागी मशीन जवळपास सलग उतारावर वेग बदलू लागते. हा फरक पाहिल्यावर एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, मंग हे आधी काहून नाही टाकलं त्यायनं?" त्या प्रश्नातून तासभर चर्चा झाली. कर्नल एका दिवसात तयार झालेलं नाही. ऑनडिमांड गव्हर्नर २००४ मध्ये २.६.९ बरोबर आला. इंटेल पीस्टेट २०१३ मध्ये. शेड्यूलरकडूनच कामाचा अंदाज घेणारा शेडयूटिल २०१६ मध्ये, ४.७ बरोबर. जसजसे प्रोसेसर बदलले तसतशी माणसांनी ही व्यवस्था बदलली.

त्या माणसांची नावं मी पोरांना मुद्दाम दाखवतो. ऑनडिमांड गव्हर्नर लिहिणाऱ्यांत व्यंकटेश पल्लिपाडी हे नाव आहे. कर्नलच्या कोणत्या भागाची देखभाल कोणाकडे, याची यादी कर्नलबरोबरच येते. सीपीयू फ्रिक्वेन्सी स्केलिंगपुढे राफाएल विसॉत्स्की यांच्याबरोबर विरेश कुमार या भारतीय अभियंत्याचं नाव आहे. आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सीडॅकनं १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, ते विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. मुरंब्यात जन्मलेला माणूस महासंगणक बांधतो, तर आपल्या लॅबमधलं पोर कर्नलमध्ये एक दुरुस्ती का पाठवू शकणार नाही? त्यासाठी पुण्या-बंगळुरूला जाण्याचीही अट नाही. कोड उघडा आहे, आणि उष्णतेचा जो अनुभव इथं मे महिन्यात फुकट मिळतो तो थंड खोलीत बसलेल्यांना मिळत नाही.

या दोन जिल्ह्यांत संगणक सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. एप्रिल लागला की नवं काही विकत घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. मशीनवर ड्रायव्हर कोणता आहे, गव्हर्नर कोणता आहे, आणि दुपारी थ्रॉटल काउंट वाढतो का. वाढत असेल तर आधी ब्रश घ्या, मग थर्मल पेस्ट, आणि त्यानंतर वेगाची वरची मर्यादा थोडी खाली आणा. बदल करण्याआधीचे आणि नंतरचे आकडे तारखेसकट लॅबच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या जागी जो कोणी येईल, त्याचं काम त्या वहीपासून सुरू होऊ द्या.